पाहुण्याने खरं काय सांगावं?

नमस्कार.

आलिशान रिसॉर्टमध्ये राहून आलेल्या माणसाला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. कसं होतं? आणि पैसे वसूल झाले का? दोन्हींचं उत्तर एका वाक्यात देता येतं आणि बहुतेक जण तसंच देतात. मला आज जरा सविस्तर उत्तर द्यायचं आहे. अलीकडेच समुद्रकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये माझा मुक्काम झाला. त्याचं नाव मी घेणार नाही. मी जे बोलणार आहे ते त्या एका जागेपुरतं नाही, आणि नाव घेतलं की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष तिकडेच जातं.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. मला तिथे फार आवडलं. ज्यांना अशा ठिकाणी जायला मिळतं त्यांनी परत आल्यावर नाक मुरडू नये असं मला वाटतं. तिथलं सुख खरं असतं. पडदे ओढले की खोलीत इतका गडद अंधार व्हायचा, की कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. रात्री कुठलंही दार आपटत नव्हतं, कारण प्रत्येक दाराला ते हळू मिटवणारी यंत्रणा होती आणि कुणीतरी ती नीट ठेवत होतं. सकाळी उठल्यावर काय करायचं, काय आवरायचं, कुणाला काय द्यायचं, यातलं काहीही मला ठरवायचं नव्हतं. घर चालवणाऱ्या माणसाला हे किती मोठं सुख आहे ते घर चालवणाराच जाणतो. आपली बडदास्त दुसरं कुणी ठेवतंय, ही भावना मोठेपणी फार क्वचित वाट्याला येते. मी ती पुरेपूर उपभोगली.

प्रश्न असा आहे की हे सुख आपल्याला दिलं कुणी? इथे आपण पाहुणे लोक हिशेब उलटा मांडतो. लोकांनी लिहिलेले अभिप्राय लक्ष देऊन वाचा. कौतुक असतं समुद्राचं, पोहण्याच्या तलावाचं, लॉबीचं, गादीचं. तक्रार असते ती रिसेप्शनवरच्या मुलीची, उशिरा आलेल्या वाढप्याची, खोली वेळेत न आवरणाऱ्या बाईची. श्रेय वास्तूला आणि दोष माणसांना. मला तिथे राहून जे दिसलं ते जवळजवळ याच्या उलट होतं, आणि आज मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

गादीपासूनच सुरुवात करू. आज कुठल्याही महागड्या हॉटेलात जा, पलंग पांढराशुभ्र असतो. जाड गादी, तिच्यावर आणखी एक मऊ थर, चार-सहा उशा, पांढऱ्या खोळीतली जाडजूड रजई. ही पद्धत फार जुनी नाही. पूर्वी हॉटेलांमध्ये गडद, नक्षीदार पलंगपोस असत, कारण त्यांच्यावर डाग दिसत नाहीत. १९९९ मध्ये वेस्टिन या हॉटेलसाखळीने ‘हेवनली बेड’ नावाचा पांढरा पलंग आणला. तो लोकांना इतका आवडला की बाकीच्या कंपन्यांनाही त्याच वाटेने जावं लागलं. पांढऱ्यावर डाग लपत नाही, म्हणून पांढरी चादर म्हणजे स्वच्छतेची हमी. पाहुण्याच्या बाजूने हे अगदी बरोबर आहे.

आता पलंगाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहा. त्या जाड गादीचा कोपरा एका हाताने उचलायचा, दुसऱ्या हाताने चादर खाली खोचायची, आणि असं चारही कोपऱ्यांना करायचं. रजई खोळीतून काढायची, नव्या खोळीत घालायची, झटकून सारखी करायची. सगळ्या उशांचे अभ्रे बदलायचे. मग वाकून न्हाणीघर घासायचं. मोठ्या हॉटेलांत एका पाळीत डझनभर किंवा त्याहूनही जास्त खोल्या एकीच्या वाट्याला येतात. अमेरिकेतल्या ५० हॉटेलांच्या दुखापतींच्या नोंदींचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हॉटेलातल्या निरनिराळ्या कामांपैकी सर्वांत जास्त दुखापती खोल्या आवरणाऱ्यांना होत होत्या, वर्षाला दर शंभर कामगारांमागे जवळपास आठ. स्वयंपाकघरात सुऱ्या असतात, आग असते, ओली फरशी असते. तरीही प्रमाण जास्त निघालं ते चादरी घालणाऱ्यांचं. कॅलिफोर्निया राज्याने २०१८ पासून हॉटेलांना या कामातल्या पाठीच्या, खांद्याच्या, स्नायूंच्या दुखापती टाळण्यासाठी लेखी कार्यक्रम राबवणं बंधनकारक केलं. नियम करावा लागला, यावरूनच काय ते समजा.

म्हणजे माझ्या झोपेचं श्रेय गादीला आहेच, पण ती गादी रोज उचलणाऱ्या पाठीलाही आहे. मी ज्या मजल्यावर होते तिथली खोल्या आवरणारी बाई मला एकदाच भेटली. तिने आधी ट्रॉली भिंतीला लावली, मला वाट करून दिली आणि मगच हसली. तिला तसंच शिकवलेलं असतं: पाहुणा दिसला की बाजूला व्हायचं. अशा ठिकाणी कामगारांचे जिने वेगळे, लिफ्ट वेगळी, येण्याजाण्याचे बोळ वेगळे असतात. एक दार चुकून उघडं राहिलं होतं, तेव्हा आतला उघडा सिमेंटचा बोळ, ट्यूबलाइटचा उजेड आणि चादरींच्या ढिगांनी भरलेल्या गाड्या दिसल्या. आमच्या बाजूच्या मार्गिकेत गालिचा होता, सुगंध होता. मध्ये एका दाराचं अंतर.

आता तक्रारीचं सांगते, कारण तक्रार मलाही होती. पोहोचल्यावर खोली तयार नव्हती. सांगितलेली वेळ टळून गेली, मग आणखी बराच वेळ गेला. प्रवासाने थकलेलं शरीर, लॉबीतल्या सुंदर खुर्च्या, आणि काउंटरवर पुन्हापुन्हा क्षमा मागणारी एक तरुण मुलगी. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ तिच्यावर इतके तापले की तिचा आवाज कापायला लागला. पण त्या मुलीच्या हातात होतं काय? आधीचे पाहुणे साधारण दुपारच्या सुमारास खोली सोडतात, नवे दुपारनंतर येतात. मधल्या दोन-चार तासांत खोल्या रिकाम्या होऊन, धुऊन-पुसून, तपासून पुन्हा तयार व्हाव्या लागतात. रिसॉर्ट पूर्ण भरलेलं असताना, बरेच पाहुणे एकाच दिवशी जात-येत असताना किती हात लागतील, हे गणित अवघड नाही. ते हात कमी ठेवण्याचा निर्णय वरच्या मजल्यावर, आकड्यांच्या तक्त्यासमोर झालेला असतो. त्याची शिक्षा काउंटरवर मिळते. म्हणून माझी तक्रार मी लिहून व्यवस्थापकांकडे दिली, आणि त्यात स्पष्ट लिहिलं की तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने परिस्थिती फार चांगली हाताळली. तुमचं मनुष्यबळाचं नियोजन मात्र चुकलं आहे.

त्या मुलीच्या हसण्याविषयीही बोलायला हवं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून एक गोष्ट मांडली. काही कामांत हातापायांबरोबर भावनाही कामाला लावाव्या लागतात, आणि पगार त्यांचाही असतो. त्याला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. रिसॉर्ट म्हणजे या श्रमाची मोठी पेठच. मला हे ठाऊक होतं, तरीही तिथल्या प्रत्येक हसण्याकडे संशयाने पाहायला मी तयार नाही. हसण्याचे पैसे मिळतात म्हणून ते खोटं ठरत नाही. दवाखान्यातल्या परिचारिकेला पगार मिळतो म्हणून तिची माया खोटी म्हणायची का? संध्याकाळी पायऱ्या उतरताना एका वयस्क बाईंचा तोल गेला. माळीकाम करणारा एक मुलगा हातातलं सगळं टाकून धावला, आणि त्यांचा घोटा पाहून होईपर्यंत जमिनीवर बसून राहिला. कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकातून इतकं येत नाही.

पैशाचं बोलू. अशा जागांची एक जुनी युक्ती आहे: पैसा नजरेआड करायचा. जेरार ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे तंबू ठोकून क्लब मेड या पर्यटन कंपनीची पहिली वसाहत सुरू केली. मुक्काम, जेवण, खेळ, सगळं एकाच रकमेत. पुढे त्यांच्या वसाहतींत बारमध्ये नाण्यांऐवजी गळ्यातल्या माळेतले मणी देण्याची पद्धत आली. पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो, आणि गळ्यात मणी असले की खर्च खर्चासारखा वाटत नाही. आज मण्यांची जागा मनगटावरच्या पट्टीने किंवा खोलीच्या क्रमांकाने घेतली आहे. सही करा, निघा. याने मन हलकं होतं हे खरं आहे. पण किंमत दिसेनाशी झाली की आपल्याला मिळणारी प्रत्येक गोष्ट आपोआप उगवल्यासारखी वाटू लागते. तिच्यामागचा माणूसही किमतीबरोबर दिसेनासा होतो. मला या गोष्टीचा त्रास झाला आणि अजूनही होतो.

तलावाचं थोडक्यात सांगते. क्षितिजाला टेकलेला दिसतो ना, तो. त्याची एक भिंत पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली असते. पाणी तिच्यावरून पातळ थराने ओघळतं, पलीकडच्या न दिसणाऱ्या पन्हळीत पडतं आणि पंपाने परत वर येतं. पंप थांबला की क्षितिज नाहीसं होऊन साधी भिंत दिसू लागते. पहाटे एक माणूस हातात तपासणीच्या नळ्या घेऊन पाण्यातलं क्लोरीन बघत असतो. तलावाचा फोटो काढायचाच तर त्या वेळी काढावा, असं मला वाटून गेलं.

न्हाणीघरातल्या त्या चिठ्ठीचंही तसंच. ‘पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा.’ दिखाऊ पर्यावरणप्रेमाला ‘ग्रीनवॉशिंग’ हे नाव अमेरिकेतले पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ मध्ये दिलं, तेच मुळी हॉटेलातल्या अशा चिठ्ठीवरून. तरीही मी टॉवेल पुन्हा वापरते, कारण पाणी खरोखरच वाचतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की पर्यावरणाचं आवाहन वाचून साधारण ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘इथे राहणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर हे प्रमाण ४४ टक्के झालं. पाहुणे एकमेकांकडे बघून वागतात. हीच गोष्ट अभिप्रायांनाही लागू आहे, म्हणून ते कसे लिहावेत याकडे येते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये थंडगार पाण्यात हात बुडवायला लावून एक प्रयोग केला होता. लोकांना लक्षात राहिला तो अनुभवाचा शेवट. एकूण त्रास किती वेळ झाला, हे जवळजवळ हिशेबातच नव्हतं. रिसॉर्टवाले हे चांगलं ओळखतात. निरोप फार सुरेख असतो, हातात काहीतरी ठेवलं जातं, कुणीतरी गाडीपर्यंत येतं. म्हणून माझा आग्रह आहे की टिपणं मुक्कामाच्या मधल्या, काहीही विशेष न घडलेल्या दिवशी करावीत. गरम पाणी यायला किती वेळ लागला, रात्री कुठला आवाज आला, कुणी काय मदत केली, हे तेव्हाच खरं लिहिलं जातं.

आणि स्वतः लिहा. २०१४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका संशोधनात कुणीही मत नोंदवू शकेल अशा संकेतस्थळाची तुलना पैसे भरून राहिलेल्या पाहुण्यालाच लिहू देणाऱ्या संकेतस्थळाशी केली गेली. जवळपास स्वतंत्र मालकीचं प्रतिस्पर्धी हॉटेल असेल, तर खुल्या संकेतस्थळावर वाईट मतं जास्त आढळली. अशा गर्दीत खऱ्या पाहुण्याच्या चार सरळ वाक्यांना मोठी किंमत आहे. कुणी चांगलं काम केलं असेल तर त्याचं नाव आवर्जून लिहा. अनेक ठिकाणी त्या नोंदी बढतीच्या वेळी पाहिल्या जातात. चुकीबद्दल लिहिताना मात्र नाव गाळा आणि घटना सांगा. तुमच्या एका रागीट ओळीने कुणाची नोकरी जाऊ शकते, आणि ते तुम्हाला कधी कळणारही नाही.

मघाशी श्रोत्यांकडून एक चिठ्ठी आली आहे: टिप द्यावी का, आणि कुणाला? जिथे रीत आहे तिथे जरूर द्यावी. पण टिप म्हणजे पगार नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९१ मध्ये हॉटेल आणि उपाहारगृहांतल्या कामाविषयी १७२ क्रमांकाचा करार स्वीकारला. टिप मिळो न मिळो, कामगाराला ठरावीक मुदतीने मूळ वेतन मिळालंच पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आजवर मोजक्याच देशांनी त्याला मान्यता दिली. तेव्हा मालकाची जबाबदारी पाहुण्यांच्या औदार्यावर ढकलली जात असेल, तर तेही अभिप्रायात लिहायला हवं. देण्याच्या पद्धतीविषयी एवढंच, की शेवटच्या दिवशी एकदम ठेवलेले पैसे त्या दिवशी ज्या व्यक्तीची पाळी असेल तिला मिळतात. आधीचे दिवस तुमची खोली दुसऱ्याच कुणी आवरलेली असू शकते. म्हणून रोजचे रोज ठेवावेत, आणि सोबत ‘हे खोली आवरणाऱ्यांसाठी’ असं लिहिलेला कागद ठेवावा. कागद नसेल तर प्रामाणिक कामगार त्या पैशांना हातही लावत नाही. विसरलेली वस्तू म्हणून ते खाली जमा होतात.