तुमच्या मागे कागदपत्रं कोण सांभाळणार?

नमस्कार श्रोतेहो.

माझे मामा गेले आणि तेराव्यानंतर त्यांच्या कपाटातून मृत्युपत्र निघालं. त्यात एक्झिक्युटर म्हणून माझं नाव! मामांनी जिवंतपणी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. लॉकर कुठल्या शाखेत आहे हे कळायलाच तीन आठवडे गेले. किल्ली मामींच्या शिवणाच्या डब्यात निघाली.

एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्रात लिहिलेलं पार पाडणारा माणूस. लोकांना वाटतं, त्यानं फक्त वाटणी करायची. पण वाटणी सगळ्यात शेवटी. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात क्रम ठरलेला आहे. आधी अंत्यसंस्कार आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचा खर्च, त्यानंतर घरगडी किंवा मोलकरीण यांचा शेवटच्या ३ महिन्यांतला थकलेला पगार, मग बाकीची देणी. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिताना कुणाला तरी मोलकरीण आठवली, याचं मला कौतुक वाटतं. प्रोबेट मिळाल्यावर ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा, तोही यानंच.

म्हणून थोरला आहे एवढ्यावर थोरल्याला नेमू नका. भिशीचा हिशेब पैशापैशाला चोख ठेवणारी धाकटी सून असेल, तर ती बरी. वारसालाही एक्झिक्युटर होता येतं. फक्त भावंडांनी त्याचं ऐकलं पाहिजे. जिवलग मित्र तुमच्याच वयाचा असेल, तर तो तुमच्या आधी जाऊ शकतो, तेव्हा दुसरं पर्यायी नावही लिहा. आणि परदेशातला मुलगा फेरफारासाठी तलाठ्याकडे किती चकरा मारणार?

नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. नाही म्हणायचा त्याला हक्क आहे. हो म्हणाला, तर एका दुपारी चहाला बोलवा आणि फाइल उघडा. सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ठेवी, पॉलिसी, आणि तोंडी उसने दिलेले-घेतलेले पैसेसुद्धा. मूळ मृत्युपत्र कुठं ठेवलंय तेही सांगा. नॉमिनी म्हणजे आपोआप मालक नव्हे, हे मात्र सगळ्या घराला ऐकवा. भांडणं तिथंच पेटतात.

गेल्या रविवारी मी माझी फाइल भाचीपुढं ठेवली. दहा मिनिटांत तिनं दोन चुका काढल्या. एका ठेवीवर अजून ह्यांचंच नाव आहे, त्यांना जाऊन चार वर्षं झाली तरी. आणि पॉलिसीवर आमचा जुना, भाड्याच्या खोलीचा पत्ता. उद्या आम्ही दोघी बँकेत जाणार आहोत.