आधी सुर्वे, मग मी

नमस्कार मंडळी. मला कुठे काव्यवाचनाला बोलावलं की पहिली कविता मी माझी वाचत नाही, नारायण सुर्व्यांची वाचते. गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई असलेला आणि पुढे शाळेतच मास्तर झालेला हा कवी, २०१० मध्ये गेला तोही आपल्या ठाण्यातच. 'माझे विद्यापीठ' १९६६ चं, घरात असेल तर काढा बाहेर.

तर कोपरखैरण्यात एका हॉलमध्ये कार्यक्रम होता, समोर बहुतेक माथाडींची कुटुंबं, मार्केटमधून थेट आलेली, बायका पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या. आधी तासभर सत्कारच चालले, आणि माझं स्पष्ट मत आहे की शाल-श्रीफळ कवितेनंतर द्यावं, लोक ताजे असतात तेव्हा त्यांना कविता ऐकू द्यावी. असो. मी 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' वाचली. त्या कवितेत एक बाई पोराला घेऊन शाळेत आलीय, मास्तर बापाचं नाव विचारतात, आणि पुढे सगळं तीच बोलते, कवी मध्ये एक शब्द बोलत नाही. वाचून झालं, टाळ्या नाहीत. तिसऱ्या रांगेतल्या एक मावशी उभ्या राहिल्या, "ताई, मग लिवलं का मास्तरनं? पोराला घेतलं का शाळेत?"

मी म्हटलं, कविता तिथंच संपते. मावशी काही खाली बसेनात. तेवढ्यात मागून एक काका म्हणाले, "घेतलं असणार की, सुर्वे स्वतः मास्तर होते." मग अर्धा हॉल बोलायला लागला, कुणी म्हणे बापाचं नाव लागतंच कशाला, कुणी म्हणे आता जन्मदाखल्यावर आईचं नाव लावतात. खरंय ते, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी आईचं नाव येतं, मग बापाचं.

त्या गलक्यात मी माझी वाचली, अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर सही करणाऱ्या आईची. एरवी त्या कवितेआधी मला दोन मिनिटं बोलावं लागतं. त्या दिवशी काही सांगावं लागलं नाही, सुर्व्यांनी आणि मावशींनी सगळं सांगून ठेवलं होतं. म्हणून परत सांगते, नवीन लिहिणाऱ्यांनो, आधी दुसऱ्याची वाचा, मग आपली, आणि मध्ये लोकांना बोलू द्या.

आता दोन्ही वाचते. सुर्व्यांची पहिली.