ऑपरेशन पाठीचं, ठणका पायात

नमस्कार श्रोतेहो.

मणक्यांमधली गादी सरकली, पायाकडे जाणारी नस दबली, म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. कमरेवर दोन-अडीच सेंटिमीटरची चीर. शुद्धीवर येताच पेशंट आधी पाय हलवून बघतो. कळ गेलेली! एक-दोन दिवसांत स्वारी चालत घरी. आणि आठ-दहा दिवसांनी कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत पुन्हा ठणका. मग घरात कुजबुज सुरू होते, "फसलं की काय?"

बहुतेक वेळा फसलेलं नसतं. बोटात रुतलेली अंगठी कापून काढली, तरी सूज त्याच संध्याकाळी उतरत नाही. नसेचंही तसंच. सर्जनने दाबणारा तुकडा काढला. महिनोन्‌महिने चेपलेली नस तीच आहे. त्यात ऑपरेशनच्या वेळी तिला जरा बाजूला सारावं लागतं, म्हणून ती आणखी चिडते. सुरुवातीच्या औषधांचा जोर ओसरला की ते जाणवतं.

साधारणपणे आधी कळ थांबते, मग पायात ताकद येते. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधी थोडा उरतोही. इजा झालेला नसेचा धागा दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ मीटरभर! दोन महिन्यांत अंगठ्याला चप्पल कळत नाही म्हणून घाबरायचं कशाला?

चालावं. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. त्रास होतो तो बसण्याने, त्यातही वाकून किंवा मांडी घालून. माझे पेशंट घरी गेल्यावर सर्वांत जास्त बसतात ते भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर! तासभर, ताठ, चहा होईपर्यंत. पाहुण्यांना बसू द्या, तुम्ही खुशाल आडवे व्हा. कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तर परत येणार नाही.

मात्र ठणका रोज वाढतच चालला, किंवा शिंक आल्यासरशी पहिल्यासारखी वीज पायात उतरली आणि थांबेना, तर सर्जनना कळवा. तिथली गादी काही जणांची पुन्हा सरकते. ताप आला, टाक्यांतून पाणी येऊ लागलं, एकच पोटरी सुजून गरम झाली, तर त्याच दिवशी दाखवा. आणि लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं होऊन चप्पल निसटू लागली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी काढा. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.

नमस्कार.