मोहर गळाला, तरी…

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

रत्नागिरी-देवगडकडे ज्यांची आंब्याची कलमं आहेत त्यांना हे सांगायला नको. ऐन मोहरात हवा ढगाळली की तुडतुडे लागतात, भुरी येते, मोहर काळा पडून गळतो. अशाच आठवड्यात उपासनेत वचन येतं, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’, आणि बाकावरच्या माणसाच्या मनात येतं, कसा करू?

पवित्र शास्त्रात हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायातली 17 आणि 18 ही वचनं काढा. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, मेंढवाडा रिकामा, गोठ्यात गुरं नाहीत. सहा नुकसानं, एकेकाचं नाव घेऊन. आणि मग येतो एक शब्द, ‘तरी’. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

आपण ती सहा नावं गाळतो आणि थेट ‘तरी’वर जातो. चूक होते ती इथे. प्रार्थनेत दाबून ठेवलेलं दुःख मग घरी मुलांवर चिडचिड होऊन निघतं.

म्हणून रात्री जेवणं आटोपली की टीव्ही बंद करून दहा मिनिटं बसा. आधी आजचं दुखणं देवाला नावानिशी सांगा. ‘अडचणी दूर कर’ असं मोघम नको. ‘सोसायटीचा हप्ता 5 तारखेला आहे, आंब्याच्या पेटीला भाव मिळाला नाही, धाकट्या जावेशी अबोला आहे’ असं सांगा. मग एक स्तोत्र वाचा, मोठ्याने. मनातल्या मनात वाचलं की डोळे ओळींवरून सरकतात आणि चित्त हप्त्यापाशीच राहतं. शेवटी एकच ‘तरी’, तोही नेमका: ‘तरी आज सासूबाईंनी आठ दिवसांनी पेज मागून घेतली, प्रभू, तुझे आभार.’

एखाद्या रात्री असं काहीच सापडणार नाही. हबक्कूकाकडे तरी मोजायला काय उरलं होतं? त्याचा आनंद उपकारांच्या यादीवर उभा नव्हता, तारणाऱ्या देवावर होता. त्या रात्री एवढंच म्हणा, ‘तरी तू माझा देव आहेस.’ ते पुरेसं आहे, हे मी अगदी विश्वासाने सांगते.

सुरुवातीचा उत्साह ओसरला की हा नेम मोडू लागतो. मुलं पेंगतात, कोणी उशिरा येतं. तेव्हा दहाची तीन मिनिटं करा, पण बंद करू नका. पौल फिलिप्पैकरांना बंदिवासातून लिहितो की कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला मी ‘शिकलो आहे’. शिकायचं म्हटलं की चुकणं आलंच.

त्याआधी एकदा त्याच फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री तो गात होता, पण एकटा नव्हे, सीला सोबत होता. मन जड असेल तेव्हा एकट्याने गाणं कठीण. शेजारच्या दोन घरांनी बुधवारी एकत्र बसावं. बाजाची पेटी नसली तर टाळ्यांवर गा. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला 1861 साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत बांधली. ती जिभेवर सहज चढते.

आणि रविवारी भात टाकताना एक मूठ तांदूळ जास्त घ्या. नहेम्याच्या आठव्या अध्यायात नियमशास्त्र ऐकून लोक रडत होते. त्यांना सांगितलं गेलं, जा, चांगलंचुंगलं खा, आणि ज्याच्या घरी काही नाही त्याला वाटा पाठवा. परमेश्वराचा आनंद हाच तुमचा आश्रयदुर्ग, हे त्याच वचनात आहे. तो वाटा घरच्यांना वाढण्याआधी काढा. उरलंसुरलं नेऊन दिलं तर घेणाऱ्याला ते लगेच कळतं.

एक गोष्ट काळजीपूर्वक ऐका. दोन आठवडे झाले तरी उदासी हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो विश्वासाचा तोटा नव्हे, आजार असू शकतो. पाळकांना सांगा आणि डॉक्टरांकडेही जा. जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडे थांबूही नका. 14416 या टेली मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

आज रात्रीसाठी स्तोत्र 42 घ्या. त्यात स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? तिथे थांबा आणि आपल्या जिवाला खरं उत्तर देऊ द्या. मग पुढची ओळ वाचा.