केसपेपरवर न लिहिलेलं

रुग्णांबद्दल एकत्र बसून बोलण्याचा एक गट सुरू करायला आज आपण रुग्णालयातले सगळे जमलो आहोत. तुम्ही आलात ते ‘अध्यात्म’ या शब्दामुळे, आणि हाच शब्द वाचून काही जण आले नाहीत, हेही मला ठाऊक आहे. ‘आता वॉर्डात प्रवचनं सुरू करणार का?’ असं एका सहकाऱ्यानं मला विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

२००९ साली अमेरिकेत डॉक्टर, नर्सेस, समाजसेवक, मानसतज्ज्ञ आणि रुग्णालयांतले धर्मगुरू अशी मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी एक व्याख्या मान्य केली. तिचा आशय असा, की माणूस जगण्याचा अर्थ कसा शोधतो आणि स्वतःशी, इतरांशी, निसर्गाशी, त्याला जे पवित्र वाटतं त्याच्याशी कसा जोडलेला असतो, ते म्हणजे त्याचं अध्यात्म. यात देव मानणारा बसतो आणि न मानणाराही बसतो. आयुष्यभर नास्तिक राहिलेल्या माणसालाही ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाटतंच, की मी कुणासाठी जगलो?

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. मी वॉर्डात नर्स होते तेव्हाची गोष्ट. एक पेशंट रात्र रात्र जागा असायचा. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘झोप नाही’ असं लिहिलं आणि गोळी वाढवली. मी पाळी संपवून पुढच्या नर्सला हँडओव्हर देताना ‘बेचैन आहे’ एवढंच सांगितलं. फिजिओथेरपिस्ट म्हणायचा, व्यायामाला सहकार्य करत नाही. तो पेशंट गेल्यावर काही दिवसांनी फरशी पुसणाऱ्या मावशींकडून कळलं, की पहाटे तो त्यांना रोज विचारायचा, ‘भावाशी मी वीस वर्षं बोललो नाही. आता उशीर झाला का हो?’ मावशी पोछा बाजूला ठेवून त्याच्याजवळ थांबायच्या. पण हे कुणाला सांगायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं.

त्या माणसाचं दुखणं आम्हा चौघांत वाटलं गेलं होतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि ते तुकडे शेजारी ठेवून बघायला जागाच नव्हती. भावाला एक फोन करता आला असता. ही बोच माझ्या मनातून अजून गेलेली नाही, आणि तुम्हा सगळ्यांना इथं बोलावण्यामागे तीच आहे.

सिसिली साँडर्स यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. त्या आधी नर्स झाल्या, पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. त्यांच्या एका रुग्ण बाईनं सांगितलं होतं, की दुखणं पाठीत सुरू झालं, पण आता माझं सगळंच बिघडल्यासारखं वाटतंय. शरीर, मन, नातीगोती आणि आत्मा या सगळ्यांच्या या एकत्र दुखण्याला साँडर्स यांनी ‘टोटल पेन’ म्हटलं. तिन्ही भूमिकांतून त्यांनी रुग्ण पाहिला होता, म्हणून त्यांना ते दिसलं असावं असं मला वाटतं. आपल्या नशिबी एकच भूमिका असते. उरलेल्या दोन दुसऱ्याकडून ऐकून घ्याव्या लागतात.

मग असं एकमेकांकडून ऐकायला एकत्र बसायचं कसं? १९५० च्या दशकात मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी लंडनमध्ये डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. एकानं एका रुग्णाबद्दल आठवेल तसं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात काय घडतंय यावर बोलायचं. आपण तीच रीत घेऊ, फक्त गटात डॉक्टरांबरोबर सगळेच असतील. आठ-दहा माणसं, एक तास, एकच रुग्ण, त्याचं नाव न घेता. हुद्दा दाराबाहेर. लगेच सल्ला द्यायचा नाही. आपल्या पेशाला हे फार जड जातं, कारण आपल्याला उत्तर देण्याचाच पगार मिळतो.

विचारण्याची साधनंही आहेत. अमेरिकेतल्या डॉक्टर क्रिस्टिना पुखाल्स्की यांची चार प्रश्नांची पद्धत जगभर वापरतात: कशावर श्रद्धा आहे, तिचं आयुष्यात किती महत्त्व आहे, आधार देणारी माणसं कोण, आणि उपचारात आम्ही हे कसं सांभाळावं. पद्धत चांगली आहे, पण तिचा फॉर्म झाला की चौकटीत खुणा करून आपण मोकळे होतो, ही मला धास्ती वाटते. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांचा एकच प्रश्न मला जास्त जवळचा आहे: तुमची उत्तम काळजी घ्यायची, तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं?

दोन गोष्टी कडकपणे पाळायच्या. खाटेवर पडलेला माणूस उठून निघून जाऊ शकत नाही. म्हणून आपली श्रद्धा, आपला गुरू, आपलं नामस्मरण त्याच्यावर लादायचं नाही, अगदी प्रेमापोटीसुद्धा. त्याला ज्याला भेटायचंय, त्याला बोलावून आणायचं. आणि ज्याला असह्य वेदना होताहेत, त्याच्याशी आयुष्याच्या अर्थाबद्दल बोलायला जाऊ नका. आधी वेदना कमी करा. नैराश्य असेल तर तेही ओळखा, त्यावर औषध आहे.

आपल्या स्वतःच्या मनात जे साचतं, त्यालाही या गटात जागा राहील. मृत्यू पाहून आपण पुढच्या खाटेकडे वळतो, सलाइन बदलतो, घरी जातो. ते ऐकायला ओळखीचं कुणीतरी हवं.

पहिली बैठक पुढच्या आठवड्यात आहे. सुरुवात मी मावशींना करायला सांगितली आहे. त्या आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, ‘बघते.’ त्यांची पाळी दोन वाजता संपते, म्हणून बैठक सव्वादोनला ठेवली आहे.