करंगळीचा ठसा

मंडळी, मघाशी माझी ओळख ‘शिल्पकार’ अशी करून दिली. कोल्हापुरातल्या बापट कॅम्पातल्या कुंभारांनी ऐकलं तर हसतील. ते एका दिवसात जेवढी माती मळतात, तेवढी माझी महिन्यात होत नाही.

तीन वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात जागेवर होता, पण माझं ऐकत नव्हता. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. मी दाबायचो, तो पुन्हा गोल व्हायचा. मी काही केलं याची त्याला दादच नाही! लई चिडायचो. बेंदूर आला. बैल करायला आणलेल्या मातीतला एक गोळा बायकोनं पुढ्यात ठेवला. दाबला. अंगठा उथळ उमटला, दोन बोटांच्या नुसत्या रेघा, करंगळीचा पत्ताच नाही. रोज एक गोळा दाबायचा आणि खिडकीत ठेवायचा, असं सुरू झालं. पंधराएक दिवसांनी एका गोळ्यावर करंगळी दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी. त्या दिवशी मी रडलो, ते आजारपणात पहिल्यांदा.

मातीनं अर्धांग बरं होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गोळ्या चालू होत्या, व्यायामही. मातीनं मला फक्त आजचा हात दाखवला, कालच्या हाताशेजारी ठेवून.

आता मातीतल्या अध्यात्माचं. चतुर्थीच्या पूजेत आपण ‘पार्थिव’ गणपती म्हणतो. पृथ्वीचा, म्हणून पार्थिव. आणि माणूस गेल्यावर देहालाही आपण पार्थिवच म्हणतो. आजारात हा शब्द मला फार छळायचा. पण मूर्तीचं बघा. प्राणप्रतिष्ठा करतो, जीव लावतो, मग उत्तरपूजेला तिला जागेवरून जराशी हलवतो. तेवढ्यावर देव निघाला, उरली माती. घरातलं लहान पोरही हे बघतं आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणतं. निरोपाची एवढी तालीम दुसरीकडे कुठं होते, मला ठाऊक नाही.

आमच्या धंद्यातही तेच. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) सिनेमासाठी सगळ्यांना माहीत, पण ते पुतळेही घडवायचे. ब्राँझचा पुतळा आधी मातीत होतो. ओलं फडकं गुंडाळून महिनोन्‌महिने जपायचा, कारण नाक-कान आधी वाळतात, तडकतात. त्यावर प्लास्टरचा साचा घेतला की आतली माती खरवडून काढायची. चौकात उभं राहतं ते ब्राँझ. शिल्पकाराची बोटं ज्यावर फिरली, ती माती परत हौदात, पुढच्या कामाला.

माझ्या गोळ्यांचं काय झालं, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. दिवाळीत नातवानं न विचारता सगळे बादलीत भिजवले आणि किल्ल्याला थापले. करंगळीवालाही. आधी मी ओरडलो, मग बसलो त्याच्या शेजारी. पन्हाळ्याचा एक बुरूज माझ्याकडे होता, उजव्या हातानं केलेला, जरा कलता. त्यावर अळीव मात्र झकास उगवलं.