एचआयव्हीत हाडं गोळ्या सुरू व्हायच्या आधीच झिजत असतात

या बसा, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. तर आत येताना एकाने मला विचारलंच की डॉक्टर, एचआयव्ही म्हणजे रक्ताचा नाहीतर इम्युनिटीचा आजार, त्यात हाडवैद्याचं काय काम? खरं सांगू का, बरीच वर्षं मलाही असंच वाटायचं, आणि त्याची एक गोष्ट आहे, ती आधी सांगून टाकतो.

चाळिशीचे एक गृहस्थ आले होते, मनगट मोडलेलं. काय झालं तर म्हणे चालताना पाय अडखळला, हात टेकला, बास. उंचावरून पडणं नाही, अ‍ॅक्सिडेंट नाही. मी प्लास्टर घातलं, हाड जुळलं, ते घरी गेले. चाळिशीतल्या माणसाचं मनगट एवढ्याशा कारणाने मोडतंच कसं हे मी विचारलंच नाही! अंग उतरलंय हे दिसत होतं, तरी नाही विचारलं. पुढे काही महिन्यांनी सारखा ताप येतोय म्हणून दुसरीकडे टेस्ट झाल्या आणि एचआयव्ही निघाला, बहुतेक बऱ्याच वर्षांपासूनचा. एचआयव्हीची एक गोळी पोटात गेली नव्हती त्यांच्या. मग हाडांचा स्कॅन केला तर कंबरेच्या मणक्यांची घनता वयाच्या मानाने फारच कमी.

आता हे होतं कसं ते बघू, थोडं किचकट आहे पण मजेशीर आहे. हाड म्हणजे दगड नाही, तिथे कायम रस्तादुरुस्ती चालू असते असं समजा. एक गँग खोदत जाते, त्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, आणि मागून दुसरी गँग बुजवत येते, त्या ऑस्टिओब्लास्ट. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. गंमत अशी की एक खड्डा खोदायला दोन-चार आठवडे पुरतात पण तोच भरायला तीन-चार महिने लागतात, म्हणजे एकाच वेळी जास्त ठिकाणी खोदकाम सुरू झालं की बुजवणारे मागे पडणारच, कितीही पळाले तरी.

खोदणाऱ्यांना ऑर्डर देणारं एक प्रोटीन आहे, रँक-एल. आणि त्या ऑर्डरला ब्रेक लावणारं दुसरं, ऑस्टिओप्रोटेजेरिन, नाव लांबलचक आहे, आपण ब्रेकच म्हणू. आता हा ब्रेक बनवतं कोण, तर त्याचा बराचसा वाटा अस्थिमज्जेतल्या बी-पेशींचा, म्हणजे आपल्या इम्युनिटीच्याच पेशी! एचआयव्हीवर उपचार नसले की या बी-पेशी बिघडतात, ब्रेक कमी बनतो आणि उलट रँक-एल जास्त सुटतं. त्यात टी-पेशी, म्हणजे इम्युनिटीच्याच दुसऱ्या पेशी, सतत भडकलेल्या, टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं रक्तात कायम चढलेली, तीही खोदकामालाच जोर देतात. भरीला वजन घटतं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरू शकतं, व्हिटॅमिन डी कमी, कोणाची सिगारेट, कोणाची दारू, कोणाला सोबत हेपॅटायटिस सी. म्हणजे नुकसान सगळीकडून, आणि दुखत मात्र काहीच नाही, हाड मोडेपर्यंत कळत नाही.

२००६ मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात एचआयव्ही असलेल्यांमध्ये ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचं, प्रमाण नसलेल्यांच्या तुलनेत साडेतीन पटीहून जास्त निघालं. त्यात औषधं घेणारे होते आणि न घेणारेही, पण ज्यांनी कधीच औषध घेतलं नाही त्यांचीही घनता कमी असते हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय.

हां, आता तुमच्यातला कोणीतरी म्हणणार, आम्ही तर ऐकलंय गोळ्यांनीच हाडं जातात. तर हे खोटं नाहीये, लपवायचं कशाला. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत घनता २ ते ६ टक्के उतरते, त्यात टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल नावाचं औषध असेल तर जरा जास्तच, आणि मग बहुतेकांची थांबते, स्थिर होते. पण म्हणून गोळ्या पुढे ढकलायच्या का? स्टार्ट नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये नेमकं हेच तपासता आलं, २०१५ मध्ये निकाल आला. लगेच उपचार सुरू केलेल्यांची घनता उपचारासाठी थांबलेल्यांपेक्षा थोडी जास्त उतरली हे खरं, पण गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी झाला. आणि थांबलेल्यांची हाडं काही जागच्या जागी राहिली नव्हती, त्यांचीही उतरतच होती. हाडासाठी औषध टाळणं म्हणजे भिंतीचा रंग जाईल म्हणून आग न विझवणं झालं, माझं मत तरी हेच आहे.

उतरण कमी करता येते बरं का. टेनोफोव्हिरवाली गोळी नव्याने सुरू करणाऱ्यांना ४८ आठवडे रोज ४००० युनिट व्हिटॅमिन डी आणि १००० मिलीग्रॅम कॅल्शियम देऊन बघितलं, तर खुब्याच्या हाडाची घट साधारण ३.२ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आली. स्वतःच्या मनाने मात्र एवढा डोस सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि किडनीला किंवा हाडाला धोका असेल तर टेनोफोव्हिरचा दुसरा प्रकार किंवा वेगळंच औषध मिळू शकतं, तेही विचारा.

रिपोर्ट वाचताना एक घोळ हमखास होतो. डेक्सा स्कॅनच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनच्या, कागदावर टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे असतात, टी म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना आणि झेड म्हणजे तुमच्याच वयाच्या माणसांशी. उणे २.५ किंवा त्याखाली टी-स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, पण ही फूटपट्टी पाळी गेलेल्या बायका आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी. तुम्ही पस्तिशीत असाल तर झेड बघा, उणे २ किंवा खाली गेला तर वयाच्या मानाने कमी.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय, जांघेत दुखतं, एक्स-रे नॉर्मल आहे. हे वेगळं प्रकरण असू शकतं, खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटून तिथलं हाड मरायला लागणं, एचआयव्हीत हे जास्त दिसतं, स्टेरॉइड किंवा दारू असेल तर आणखीच. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये दिसतं. तेव्हा ज्यांनी चिठ्ठी पाठवली त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, आणि शक्यतो तो पाय फार टेकवत येऊ नका.